निवृत्तीनंतर कुठे राहायचं: गाव निवडण्यापासून किल्ली हातात येईपर्यंत

सुट्टीत आवडलेलं गाव आणि राहायला सोयीचं गाव ही बहुतेक वेळा दोन वेगळी गावं असतात. सुट्टीत आपण धडधाकट असतो, हवा चांगली असते तेव्हाच गेलेलो असतो, आणि नळ गळला तर तो हॉटेलवाल्याचा प्रश्न असतो. निवृत्तीनंतरचं घर मात्र वीस-पंचवीस वर्षं वापरायचं असतं. त्या काळात गुडघे, डोळे, कान, गाडी चालवण्याची उमेद आणि कदाचित जोडीदार, यांतलं बरंच काही मागे पडतं. म्हणून हा सगळा शोध साठीच्या जोडप्यासाठी करू नका. ऐंशी वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या, गाडी न चालवणाऱ्या माणसासाठी करा. त्याला जमेल ते घर साठीच्या जोडप्याला सहज जमतं. उलटं मात्र होत नाही.

पायरी १: याद्या वेगवेगळ्या लिहा

नवरा-बायकोने एकमेकांना न दाखवता आपापली यादी करायची. रोज काय लागतं, आठवड्यातून एकदा काय लागतं, आणि काय अजिबात चालणार नाही. मग दोन्ही याद्या शेजारी ठेवायच्या. एकाला शांतता हवी असते आणि दुसऱ्याला माणसं, हे या टप्प्यावर कळलेलं बरं. ट्रक रिकामा झाल्यावर कळलं तर महागात पडतं. दोघांच्या मिळून तीनच अटी ‘सोडायच्या नाहीत’ अशा ठरवा. दहा ठरवल्या तर कुठलंच गाव बसणार नाही आणि शेवटी सगळ्याच अटी गुंडाळून भावनेच्या भरात निर्णय होईल.

पायरी २: पैशाचं गणित गावाच्या आधी

गाव आवडल्यावर हिशोब मांडला की हिशोब गावाच्या बाजूने झुकतो. म्हणून आधी आकडे.

घराची किंमत हा फक्त पहिला आकडा. त्यावर नोंदणीचा खर्च, सरकारी शुल्क, वकील, एजंट, सामानाची वाहतूक आणि राहण्याजोगं करण्यासाठीची डागडुजी येते. हे सगळं पुन्हा विकताना वसूल होत नाही. दोन वर्षांत बेत फसला तर विकण्याचा खर्च आणि नव्या खरेदीचा खर्च असा दुहेरी मार बसतो.

देखभालीसाठी दरवर्षी घराच्या किमतीच्या एक टक्का बाजूला काढायचा, असा ढोबळ ठोकताळा आहे. घर जुनं असेल, समुद्राजवळ असेल किंवा भोवती मोठी बाग असेल तर त्याहून जास्त धरा. सदनिका असेल तर मासिक मेंटेनन्स आणि त्याशिवाय लिफ्ट बदलणं, रंगकाम, गळती अशा मोठ्या कामांसाठी इमारतीकडे निधी साठवलेला आहे का, हे विचारा. निधी नसेल तर तो भार वाटून तुमच्याच अंगावर येणार.

महागाईचा अंदाज ७२च्या नियमाने बांधा. ७२ला महागाईच्या दराने भागलं की खर्च किती वर्षांत दुप्पट होतो ते मिळतं. ६ टक्क्यांना १२ वर्षं, ४ टक्क्यांना १८, ३ टक्क्यांना २४. साठीला घेतलेल्या घराचा आजचा खर्च झेपतो, पण ७२व्या वर्षी दुप्पट झालेला झेपेल का, हा खरा प्रश्न. त्यातच जोडीदार गेल्यावर एक पेन्शन बंद होते किंवा कमी होते, पण घराचा खर्च काही निम्मा होत नाही. छप्पर एकट्यासाठीही तेवढंच लागतं. तेव्हा एकट्याच्या उत्पन्नाचा हिशोब स्वतंत्र मांडा. तो जुळत नसेल तर घर लहान घ्या.

सगळी पुंजी भिंतींत घालू नका. घर आहे पण हातात रोकड नाही, ही उतारवयातली वाईट कोंडी. घराची एक खोली विकून शस्त्रक्रिया करता येत नाही.

दुसऱ्या देशात जायचा विचार असेल तर आणखी चार गोष्टी तपासाव्या लागतात. पेन्शन एका चलनात आणि खर्च दुसऱ्या चलनात असेल तर दराची चढउतार तुम्हीच सोसता. वर्षात १८३ दिवसांहून जास्त मुक्काम झाला की अनेक देश तुम्हाला करासाठी रहिवासी धरतात. राहण्याचा परवाना दरवेळी कोणत्या अटींवर वाढतो ते पाहा. आणि आरोग्यविमा कोणत्या वयापर्यंत नव्याने मिळतो, हे घर बघायच्या आधी लेखी विचारा.

पायरी ३: हॉस्पिटलचं अंतर मिनिटांत मोजा

इथे घाई करू नका. बाकी सगळ्याशी तडजोड करता येते, इथे फारशी येत नाही.

मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात झाला तर ती विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी स्कॅन करून रक्तस्राव नाही ना हे पाहावं लागतं. म्हणजे जवळच्या दवाखान्यात डॉक्टर आहे एवढं पुरत नाही. स्कॅनचं यंत्र आणि ते रात्री चालवणारा माणूस, दोन्ही हवेत. हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यात बंद पडलेली रक्तवाहिनी उघडण्यासाठी डॉक्टर ९० ते १२० मिनिटांचं लक्ष्य धरतात. या वेळा समोर ठेवून हिशोब असा करा: फोन लागायला किती, रुग्णवाहिका यायला किती, आणि तिथून सुसज्ज हॉस्पिटलला पोचायला किती. तिन्हींची बेरीज खरी. ‘हॉस्पिटल वीस मिनिटांवर’ या जाहिरातीत फक्त तिसरा आकडा असतो, तोही पहाटे मोकळ्या रस्त्यावरचा.

स्वतः दोनदा जाऊन बघा. एकदा गर्दीच्या वेळी, एकदा रात्री अकरानंतर. रात्रीच्या फेरीत अपघात विभागात आत जाऊन चौकशी करा: आत्ता हृदयाचे डॉक्टर आहेत की फोनवर बोलावतात, अतिदक्षता विभागात खाटा किती, तुमचा विमा थेट चालतो का. रिसेप्शनवरचा माणूस कसा बोलतो यावरूनही पुष्कळ कळतं.

झटक्यापेक्षा नेहमीचे आजार जास्त फेऱ्या मारायला लावतात. डायलिसिस सुरू झालं तर बहुतेकांना आठवड्यातून तीनदा जावं लागतं, दरवेळी सुमारे चार तास. केंद्र ४० किलोमीटरवर असेल तर आठवड्याला २४० किलोमीटर, वर्षाला १५६ वाऱ्या. आणि परतताना गाडी चालवायची ताकद नसते, म्हणजे दुसऱ्या कुणाचेही तेवढेच दिवस गेले. डोळ्यांचे, सांध्यांचे, दातांचे डॉक्टर, रक्ततपासणी, रात्री उघडं असणारं औषधाचं दुकान, घरी येणारी नर्स आणि दिवसभराची मदतनीस कुठे मिळते, याचीही यादी करा. मदतनीस मिळते का हे दलालाला विचारू नका. शेजारच्या इमारतीत ज्यांच्याकडे ती येते त्यांना विचारा.

पायरी ४: गाडीविना एक दिवस काढून बघा

बघायला जाल तेव्हा गाडी एक दिवस उभी ठेवा. दूध, भाजी, औषध, बँक, बाग, सगळं पायी किंवा बसने. घरापासून ४०० मीटरच्या आत रोजच्या वस्तू मिळाल्या तर उत्तम. त्या अंतरात चढ किती, पदपथ सलग आहे की मध्येच संपतो, बसायला बाक आहे का, रात्री दिवे लागतात का, हे पाहा. चढ वीसात एकपेक्षा जास्त असेल, म्हणजे वीस मीटर चालताना एक मीटरहून जास्त वर चढावं लागत असेल, तर हातात पिशवी घेऊन तो रस्ता पंच्याहत्तरीत जड जातो.

रस्ता ओलांडायचं गणित मुद्दाम करून बघा. सिग्नलचा वेळ ठरवताना पादचारी सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असं धरतात. वयस्कर माणूस सेकंदाला ०.८ मीटरच चालत असतो. चौदा मीटर रुंद रस्त्याला पहिल्याला १२ सेकंद पुरतात, दुसऱ्याला साडेसतरा लागतात. हे साडेपाच सेकंद तो भर रस्त्यात असतो. मध्ये दुभाजकावर उभं राहायला जागा नसेल तर असा रस्ता घर आणि बाजार यांच्यामधली भिंतच समजा.

बसचं वेळापत्रक रविवारचं आणि सणासुदीचं बघा.

पायरी ५: हवा, उंची, पाणी

समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर वर गेलं की हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणून डोंगरावरची गावं मोहात पाडतात. पण १,५०० मीटरवर श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या साधारण ८३ टक्के असतो आणि २,४०० मीटरवर पाऊण भाग. फुप्फुसाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर आपल्या डॉक्टरांना नेमका उंचीचा आकडा सांगून विचारा. नुसतं ‘थंड हवेच्या ठिकाणी जाऊ का’ म्हटलं तर तेही कौतुकाने हो म्हणतील.

समुद्रकाठाची तऱ्हा वेगळी. खाऱ्या हवेने खिडक्यांच्या पट्ट्या, गॅसची शेगडी, एसीचं बाहेरचं यंत्र आणि स्लॅबमधली सळई गंजते. दमट उकाड्यात घाम वाळत नाही म्हणून शरीर थंड होत नाही, आणि वय वाढलं की तहानही कमी लागते. तापमानाच्या जोडीने आर्द्रतेचा आकडाही पाहायची सवय लावा.

पुराबद्दल ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ हा शब्दप्रयोग फसवा आहे. त्याचा अर्थ दरवर्षी एक टक्का शक्यता. वीस वर्षं तिथे राहिलात तर असा पूर किमान एकदा बघण्याची शक्यता जवळजवळ १८ टक्के होते, तीस वर्षांत २६ टक्के. शासकीय पूररेषेचा नकाशा मागवा आणि जुन्या शेजाऱ्यांना पाणी कुठपर्यंत आलं होतं ते भिंतीवर हात ठेवून दाखवायला सांगा. विमा कंपनी त्या पत्त्याचा विमा किती हप्त्याला देते, तेही विचारा. हप्ता भरमसाट निघाला तर कंपनीने तुमचं काम आधीच केलंय.

पायरी ६: माणसं

मुलं जिथे राहतात तिथे जावं का? जवळ राहण्याचे फायदे उघड आहेत. पण मुलांची नोकरी बदलते, आणि तुम्ही त्यांच्यासाठी आलेल्या शहरात तेच नसतात. म्हणून कसोटी एकच: मुलं उद्या दुसरीकडे गेली तरी मी या गावात राहीन का? उत्तर ‘नाही’ असेल तर भाड्याने राहा, विकत घेऊ नका.

भाषेचा विचार लोक फार वरवर करतात. बाजारापुरती भाषा सहा महिन्यांत येते. पण दुखतंय कुठे आणि कसं, हे डॉक्टरला सांगायला ती पुरत नाही. स्मृतिभ्रंशात पुष्कळदा नंतर शिकलेली भाषा आधी निसटते आणि माणूस मातृभाषेकडे परत येतो. त्या वेळी आसपास ती समजणारं कुणी असावं.

पायरी ७: वर्षभर भाड्याने राहा

पूर्ण वर्ष जमलं नाही तर निदान त्या गावाच्या सर्वांत वाईट ऋतूचे तीन महिने काढा. तोवर जुनं घर विकू नका. कुलूप लावा किंवा भाड्याने द्या. आणि राहायचं ते रहिवाशासारखं. गळका नळ दुरुस्त करून घ्या आणि प्लंबर किती दिवसांनी आला ते लिहून ठेवा. रक्त तपासून घ्या. बँकेतलं किंवा सरकारी कचेरीतलं एखादं काम काढा. वीज किती वेळा गेली, पाणी किती वाजता आलं, रात्री झोपमोड कशाने झाली, एका वहीत तारखेनिशी टिपा. वहीत वारंवार काय येतं ते तीन महिन्यांनी वाचलं की आवडनिवड बाजूला पडते.

आणखी एक प्रयोग: दोघांपैकी एकाने आठवडाभर दुसरीकडे जायचं. मागे राहिलेल्याला तिथे एकट्याने कसं वाटतं? अवघड वाटतो, पण फुकट आहे.

पायरी ८: घर, आणि त्यातही आधी बाथरूम

घर दाखवणारा माणूस तुम्हाला बाल्कनीत नेतो. तुम्ही बाथरूममध्ये जा आणि मोजपट्टी काढा.

दार उघडल्यावर मोकळी जागा ८० सेंटीमीटर हवी, ९० असेल तर चांगलंच. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं किंवा सरकणारं असावं, कारण आत पडलेल्या माणसाच्या अंगावर दार अडकलं की मदत पोचत नाही. उंबरठा १३ मिलिमीटरहून उंच नको. पाणी अडवायला उंच पट्टी लावण्यापेक्षा फरशीला उतार नीट द्यावा. कमोडची बैठक जमिनीपासून ४३ ते ४८ सेंटीमीटर. बाजूला आधाराचा दांडा ८४ ते ९१ सेंटीमीटर उंचीवर, जाडी ३२ ते ३८ मिलिमीटर, म्हणजे मूठ पूर्ण वळते. दांडा टाइलला चिकटवलेला किंवा रबरी वाटी दाबून हवेच्या पकडीवर धरलेला नको. मागे वीट किंवा काँक्रीट असेल तिथेच बोल्टने बसवा. एका माणसाचा सगळा भार, निदान ११५ किलो, त्याने पेलला पाहिजे. टॉवेलचा दांडा हा आधाराचा दांडा नव्हे. घसरताना माणूस नेमका तोच धरतो आणि तो भिंतीसकट हातात येतो. व्हीलचेअर वळवायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. आज ती नसेल तर शेजारची भिंत पाडता येईल का, म्हणजे ती भार पेलणारी आहे की नुसती आडभिंत, हे अभियंत्याला विचारा.

बाकी घरात: झोपायची खोली, बाथरूम आणि स्वयंपाकघर एकाच मजल्यावर. प्रवेशाला पायऱ्या असतील तर पुढेमागे रॅम्प बसेल का? एकास बारा या उताराने ६० सेंटीमीटर चढायला ७.२ मीटर लांबी लागते, आणि तेवढं अंगण नसतं. दिवे भरपूर हवेत. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रीचा दिवा आपोआप लागणारा ठेवा.

इमारतीत लिफ्ट एक असेल तर ती बंद पडल्यावर काय, हे ठरवून ठेवा. लिफ्टची आतली खोली मोजा. स्ट्रेचर आडवा मावायला दोन मीटरच्या आसपास लागतात. बऱ्याच इमारतींत रुग्णाला खुर्चीत बसवून उतरवावं लागतं.

सुटं घर आणि सदनिका यांशिवाय ज्येष्ठांसाठीची संकुलं हा तिसरा मार्ग. तिथे बागेपेक्षा करारनामा जास्त वेळ बघा. अनामत परत कधी आणि किती कापून मिळते, मासिक शुल्क किती टक्क्यांपर्यंत वाढू शकतं, एकाला शुश्रूषेची गरज लागली तर दुसऱ्याला राहता येतं का, आणि चालकच बदलला तर तुमचे हक्क काय?

पायरी ९: घराची तपासणी

तीन वेळा जा: सकाळी, रात्री, आणि जोराच्या पावसानंतर लगेच. भिंतीच्या खालच्या मीटरभरात रंग फुगलेला, पोपडे किंवा पांढरी क्षाराची पावडर दिसली तर ओल जमिनीतून चढते आहे. छताच्या कोपऱ्यातले पिवळट डाग वरून गळतीचे. फक्त एकाच भिंतीला ताजा रंग असेल तर तिथे तळवा टेकवून बघा. केसासारख्या भेगा गिलाव्याच्या असतात. पाच मिलिमीटरहून रुंद, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या गेलेल्या भेगा पाया खचल्याच्या असू शकतात. तिथे अभियंत्याशिवाय पुढे जाऊ नका. सर्वांत वरच्या नळाला पाण्याचा दाब बघा. वीजफलकात, विजेची गळती ३० मिलिअँपिअरला पोचली की आपोआप वीज तोडणारं सुरक्षा स्विच आहे का, आणि बाथरूममध्ये मोबाइलला रेंज येते का. पडलेला माणूस तिथूनच फोन करणार असतो.

पायरी १०: कागद

वकील स्वतःचा. विकणाऱ्याने सुचवलेला नको. मालकीची साखळी मागे जिथपर्यंत मिळेल तिथपर्यंत, बोजा, न्यायालयीन वाद, करांची आणि मेंटेनन्सची थकबाकी, बांधकामाची मंजुरी आणि प्रत्यक्षातलं बांधकाम यांतला फरक, जाण्यायेण्याच्या रस्त्याचा कायदेशीर हक्क. सुटं घर असेल तर हद्द मोजून घ्या, कारण कुंपण आणि हद्द एकच असतात असं नाही. समोरची मोकळी जागा विकास आराखड्यात कशासाठी राखून ठेवली आहे तेही काढा. खिडकीतला डोंगर कायमचा तुमचा नाही. इसार देताना, कागदांत दोष निघाला तर रक्कम परत, हे कलम लेखी हवं.

घर कुणाच्या नावावर घ्यायचं हे आधीच ठरवा आणि मृत्युपत्र त्याच वेळी करून टाका. बऱ्याच देशांत स्थावर मालमत्तेला ती जिथे आहे तिथला वारसा कायदा लागू होतो. साधं मुखत्यारपत्र अनेक ठिकाणी ते देणाऱ्याची समज गेली की रद्द होतं, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी. त्यासाठी तिथे वेगळी तरतूद आहे का, हे वकिलाला विचारा.

पायरी ११: स्थलांतर

नव्या घराचा आराखडा एकास पन्नास प्रमाणात काढा, म्हणजे एक मीटरला दोन सेंटीमीटर. फर्निचरचे त्याच मापाचे कागदी तुकडे कापून त्यावर मांडा. चालायला ९० सेंटीमीटरची वाट सोडून जे मावत नाही ते जुन्या घरातूनच निरोप घेतं. ही छाटणी दोन-तीन महिने आधी सुरू करा, एकेक कपाट.

सामान येण्याआधी बाथरूममधलं काम पुरं करा. एकदा राहायला गेलात की ते काम ‘पुढच्या महिन्यात’ होऊन बसतं. किमान ३० दिवसांची औषधं, जुने रिपोर्ट आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या ट्रकमध्ये टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. किल्ली मिळाल्याच्या दिवशी बाहेरच्या दाराचं कुलूप बदला. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह, विजेचा मेन स्विच आणि गॅसचा कॉक शोधून प्रत्येकावर ठळक अक्षरात चिठ्ठी लावा, आणि एक जादा किल्ली जिच्याकडे ठेवता येईल अशी शेजारीण पहिल्या आठवड्यातच शोधून ठेवा.